केस पेपरवरचे ‘नॉर्मल’

सुया टोचून उपचार करणारा माणूस नीट शिकलेला आहे की नाही, हे महाड-पोलादपूरकडच्या साध्या माणसाने कसे ओळखावे? हा प्रश्न मला पहिल्यांदा सरळ विचारला तो टेबलावर उताण्या ठेवलेल्या एका मोबाईलने. स्पीकर चालू होता. पलीकडे मुंबईत विलास उतेकर नावाचे गृहस्थ होते. अलीकडे, माझ्या तपासणीच्या खाटेवर, त्यांचे थोरले भाऊ तुकाराम एका कुशीवर कण्हत पडले होते.

“मॅडम, राग मानू नका,” फोन म्हणाला. “पण तुमचं क्वालिफिकेशन काय?”

मला राग आला नाही. पंचवीस वर्षांत हा प्रश्न विचारणारे लोक मी बोटांवर मोजू शकले असते. बहुतेक जण विचारत, “दुखतं का?” किंवा “किती वेळा यावं लागंल?” सुई धरणारा हात कोणाचा, हे कोणी विचारत नसे.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. पुढे मुंबईत राहून अॅक्युपंक्चरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि महाडच्या बाजारपेठेत एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत क्लिनिक थाटले. खाली जागा स्वस्त मिळत होती. पण सावित्रीचे पाणी दर काही वर्षांनी बाजारात फिरून जाते आणि मला माझे केस पेपर प्रिय होते. मागच्या वर्षी क्लिनिक बंद केले. त्या खोलीत आता मोबाईलची कव्हरे विकतात. केस पेपर मात्र सगळे घरी आणले आहेत. दुपारी एखादा गठ्ठा सोडते आणि वाचत बसते. वरंधच्या आजींनी फीबरोबर दिलेली शेवळाची भाजी, शिवथरच्या गुरुजींनी उपचार चालू असताना मला ऐकवलेली माझ्याच बोलण्यातली चूक, असे बरेच काही त्या पिवळ्या कागदांवर न लिहिताही वाचता येते. उतेकरांचा केस पेपर मात्र मी वेगळ्या फायलीत ठेवला आहे.

विलासना मी उत्तर दिले. आपल्या राज्यात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी करणारी परिषद आहे. प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीला क्रमांक मिळतो. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून मी माझा क्रमांक वाचून दाखवला.

“लिहून घेतला का?” मी विचारले.

“घेतला. पण भिंतीवर तर कोणीही काहीही लावतं, मॅडम.”

“बरोबर आहे. म्हणून भिंतीवर विश्वास ठेवू नका. परिषदेच्या यादीत तो क्रमांक आणि माझं नाव जुळतं का, ते पाहा. नोंदणी चालू आहे की मुदत संपली, तेही पाहा. मी थांबते.”

ते खरोखरच पाहू लागले. आम्ही सगळे थांबलो. सगळे म्हणजे तुकाराम, त्यांची पत्नी वनिता आणि भावकीतले एक चुलते, ज्यांना सर्व जण तात्या म्हणत. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतला माणूस दवाखान्यात एकटा येत नाही. खाली उतरायचेच तर जीप भरते. कोणाला तहसील कचेरीत काम असते, कोणाला खत हवे असते, आणि उरलेले सगळे पेशंटबरोबर आत येतात. पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर कोणाकडूनही येते. माझ्या बाकावर पाच माणसे बसत. तो बाक कधी रिकामा पाहिल्याचे मला आठवत नाही.

“सापडलं,” फोन म्हणाला. “जुळतंय.”

“आता तुमच्या भावाला विचारते. आधी कुठे सुया टोचून घेतल्या होत्या का?”

वनितावहिनींनी कपाळाला हात लावला. “ह्या विलासभावजींनी मोबाईलवर बघितलान. जवळचा डॉक्टर म्हणं महाबळेश्वरला हाय.”

“मॅपवर जवळच होतं ना वहिनी!”

“तुमच्या मॅपाला आंबेनळी घाटाची वळणा दिसत नायत वाटता. येशटीत हे आडवे नि मी उभी. वर पोचेपरत माणूस अर्धा झाला.”

तिथे एका मसाज सेंटरमध्ये एका माणसाने त्यांच्या कमरेला सुया टोचल्या होत्या. स्पिरिटच्या वाटीतून काढल्या आणि पुन्हा वाटीतच टाकल्या. नाव विचारले नाही, कागद केला नाही, आधीचा आजार विचारला नाही. जाताना ‘गोळ्या बंद करा’ असे मात्र सांगितले.

यावर मी एक नवे पाकीट त्यांच्यासमोर फाडले. अॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरीव असते आणि केसाहून थोडीच जाड असते. ती निर्जंतुक पाकिटात येते, एकदाच वापरायची असते आणि नंतर जाड डब्यात टाकून नष्ट करायची असते. पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर उघडले गेले पाहिजे.

तात्या पुढे वाकले. “हिच्यात दवा कुठं हाय?”

“दवा नाहीच तात्या. नुसती सुई.”

“नुसती?” ते तुकारामकडे वळले. “तुज्या आज्यानं डागलान, त्यात निदान इस्तू तरी व्हता.”

सगळे हसले. तुकारामही हसले आणि हसताना कळवळले. त्यांच्या कमरेवर लहानपणीच्या डागण्यांचे दोन गोल व्रण होतेच. तिकडे दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची जुनी रीत होती.

या उपचाराचे जुने चिनी स्पष्टीकरण असे, की शरीरात शक्तीचे मार्ग आहेत आणि त्यांवर ठरावीक बिंदू आहेत. आजचे स्पष्टीकरण मज्जातंतूंच्या भाषेत दिले जाते : सुईच्या टोचणीने वेदनेचा निरोप मेंदूकडे पोचण्यात फरक पडतो. दोन्ही स्पष्टीकरणे मी पेशंटला सांगत असे आणि तिसरी गोष्टही सांगत असे. काही प्रकारच्या दुखण्यांत काही जणांना याने आराम मिळतो. सगळ्यांना मिळत नाही. पुष्कळ आजारांत याचा उपयोग होतो असा दावा केला जातो, पण त्याला पुरेसा आधार नाही. मणक्यांमधली सरकलेली गादी सुईने जागेवर जात नाही.

त्या मंगळवारी मी तुकारामना पद्धतशीर तपासले. वय सत्तेचाळीस. दीड महिन्यापासून कंबर आणि डावा पाय दुखतो. पाठीवर झोपवून डावा पाय सरळ वर उचलला, तर निम्म्यावर येण्याआधीच कळ पोटरीपर्यंत गेली. डाव्या अंगठ्याचा जोर किंचित कमी. मणक्यांच्या मधली गादी नसेवर दाबत असावी, असे चित्र होते. एमआरआय करून घ्यावा, असे मी कागदावर लिहिले. मग ठरलेले प्रश्न विचारू लागले. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आहेत का? मधुमेह? हृदयाचे काही? ताप, वजन घटणे? प्रत्येक उत्तर फोनमधून येत होते. विलास भावाच्या सगळ्या कागदांचे फोटो स्वतःजवळ ठेवत. वाडीच्या मुंबई मंडळाचे ते सेक्रेटरी होते. उत्तरे देण्याची त्यांना सवय होती.

“लघवी, संडास व्यवस्थित?”

“नॉर्मल, मॅडम. सगळं नॉर्मल.”

मी तुकारामकडे पाहिले. ते भिंतीकडे तोंड करून होते. वहिनी पदर सारखा करत होत्या. तात्या माझ्या सुयांकडे पाहत होते. मी केस पेपरवर लिहिले : ‘नॉर्मल’. मग नऊ सुया लावल्या, वीस मिनिटांनी नऊ काढल्या. किती लावल्या आणि किती काढल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे, अशी माझी पद्धत होती.

“जड जड वाटतंय,” तुकाराम म्हणाले. “पण ठणका उतरला खरा.”

मला समाधान वाटले. त्यांनाही वाटले. पुढे जे झाले ते पाहता, त्या दिवशी ठणका उतरला नसता तर बरे झाले असते.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ते पुन्हा आले. जीप तीच, माणसे तीच, फोन तसाच टेबलावर. या वेळी तुकाराम स्वतः जिना चढून आले आणि खाटेवर बसले. मी पाकीट फाडले. तेवढ्यात वनितावहिनी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “उशीर माझ्यामुळं नाय झाला हां बाय. ह्यांनी वाटेत दोनदा जीप थांबवायला लावलानी. जातात, झाडाकडं उभे ऱ्हातात नि तसेच परत येतात.”

“गो, गप बस ना,” तुकाराम पुटपुटले.

“गप कशाला? डायवर बोलला, काका, झाड मोजतंय का?”

पुन्हा सगळे हसले. मी हसू शकले नाही. हातातली सुई मी न वापरताच डब्यात टाकली.

“सगळे बाहेर बसा,” मी म्हटले. “वहिनी, तुम्हीसुद्धा. फक्त दहा मिनिटं.”

तात्यांचा चेहरा उतरला. “आम्ही काय परके हाव?”

“परके नाही तात्या. पण मला त्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय.”

“मॅडम, मी आहेच लाइनवर,” फोन म्हणाला.

“फोनही बाहेर.” मी तो उचलून वहिनींच्या हातात दिला आणि दार लावून घेतले. इतक्या वर्षांत भावकीला बाहेर काढण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, हे आज लिहितानाही मला ओशाळवाणे वाटते.

मी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि प्रश्न पुन्हा विचारला. पण या वेळी तुकडे करून. लघवीला कधी गेलात? जोर करावा लागतो का? आली हे कळते का? बसल्यावर बूड बधिर वाटते का?



“बुधवारपासून,” ते आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाले. “जोर केला तर थेंब थेंब. नि बसलो का खाली गादी ठेवल्यावानी लागतं. आपलीच जागा आपल्याला लागत नाय.”

“मंगळवारी?”

“मंगळवारी वाईच सुरू झालेलं.”

“मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“तात्या व्हता. नि विलास.” त्यांनी दाराकडे पाहिले. “विलासला कळलं तर तो मला मुंबईला नेल. नेलान का मग परत धाडायचा नाय. त्याचं कधीपासून चाललंय, दादा वर एकटा काय करतोस म्हणून. बाय, वर वाडीत आता चार घरांत चूल पेटते. आमची विझली का तीन. मग वीजवाला पन वर चढायचा नाय.”

मी त्यांना पालथे झोपवून, चादर घेऊन, कापसाने तपासले. घोड्याच्या खोगिरावर माणसाचा जो भाग टेकतो, त्या भागाला डाव्या बाजूने कापूस लागलेला कळत नव्हता. उजवीकडे कळत होता, पण पुसट. ओटीपोट तट्ट होते.

याचा अर्थ वाचकांनी समजून घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा एक झुबका असतो. पाय, लघवी आणि शौच यांचा ताबा त्याच्याकडे असतो. सरकलेली गादी त्या झुबक्यावरच दाबू लागली, तर ती तातडीची गोष्ट असते. वेळेत शस्त्रक्रिया होऊन दाब निघाला, तर ताबा परत येण्याची आशा असते. उशीर झाला तर तो कायमचा जाऊ शकतो. इथे सुईचे काही काम नाही. इथे सुई हातात घेणे हीच चूक.

हे सगळे मी त्यांना याच क्रमाने सांगितले. मग म्हटले, “तुम्हाला वाडी सोडायची नाही ना? मग आजच मुंबईला जा. इथेच थांबलात तर कदाचित तुम्हाला वर उचलून न्यावं लागेल.”

“परत चालत येन?”

“तसं वचन मी देऊ शकत नाही. आज गेलात तर शक्यता चांगली आहे. सोमवारी गेलात तर मला माहीत नाही.”

ते उठून बसले. “विलासला तुमीच सांगा,” म्हणाले. “पन आधी त्याच्याकडनं कबूल करून घ्या. बरा झालो का मला सोडायचा.”

दार उघडले. वहिनी दाराशीच उभ्या होत्या. तात्या जिन्यात जाऊन बसले होते. मी फोनवर विलासना जे आहे ते सांगितले. पलीकडचा आवाज चढला.

“मॅडम, मंगळवारी तुम्ही सुया टोचल्या आणि बुधवारी हे झालं. म्हणजे सुईनंच ना?”

“नाही. सुया नसांच्या झुबक्याजवळ जात नाहीत. हे मंगळवारी सुया लावण्याआधीच सुरू झालं होतं. पण मंगळवारी मी विचारलं आणि तुम्ही नॉर्मल म्हणालात.”

“मी… म्हणजे मला वाटलं…”

“तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं उत्तर तुम्ही दिलंत आणि मी ते लिहिलं. लिहिणारी मी आहे, तेव्हा चूक माझी आहे. आता पुढचं ऐका. तुमच्या भावाची एक अट आहे.”

मी अट सांगितली. मग पहिल्यांदाच सेक्रेटरीचा आवाज गेला आणि धाकट्या भावाचा आला. “दादाला म्हणावं, मी स्वतः आणून सोडेन. आधी ये म्हणावं.”

मी आमच्या गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. आमची पंधरा वर्षांची ओळख. सुयांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता आणि ते लपवतही नसत.

“किती दिवस?” त्यांनी विचारले.

“बुधवारपासून नक्की. मंगळवारी सुरुवात, माझ्याकडे आले तेव्हा.”

“मंगळवारी तुम्ही पाहिलं होतं ना? विचारलं नाही?”

“विचारलं. उत्तर दुसऱ्याने दिलं. मी चालवून घेतलं.”

“हं. आणा इकडे. आणि गाडीला आत्ताच फोन करा.”

त्यांनी पाच मिनिटांत तपासले, नळी घालून मूत्राशय मोकळे केले आणि माझ्या कागदाखाली स्वतःची चिठ्ठी जोडली. “एमआरआय तिकडंच होईल. इथं वेळ घालवू नका.” एकशे आठची गाडी आली. तात्या गाडीत पुढे जाऊन बसले. वनितावहिनींनी जाताना मला विचारले, “मी हसवलं नसतं तर कळलंच नसतं, नाय गो?” याचे उत्तर ‘नसतंच कळलं’ असे होते; मी त्यांना गाडीत चढायला हात दिला.

संध्याकाळच्या आत ते मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. नळी आठवडाभराने निघाली. ताबा आला, आधी अर्धवट, मग महिन्याभरात बहुतेक पूर्ण. दोन महिने ते विलासच्या घरी राहिले. विलासनी शब्द पाळला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतः भावाला वाडीच्या पायथ्यापर्यंत आणले आणि तिथून दोघे चालत वर गेले. एरवी अर्ध्या तासाची ती चढण; त्या दिवशी दीड तास लागला, असे वहिनींनी फोनवर सांगितले. डाव्या पायाच्या अंगठ्यात जोर पूर्ण परत आला नाही. त्या पायातली चप्पल अजून निसटते, म्हणून ते बूट घालतात आणि वाडीत ‘बूटवाले’ म्हणून चेष्टा सहन करतात.

त्या वर्षानंतर मी कामाची पद्धत बदलली. पहिल्या भेटीत सगळी माणसे आत येत. चहा, ओळखी, गप्पा होत. मग मी पडद्यामागे पेशंटला एकट्याला घेत असे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारत असे. लोक सुरुवातीला रागावले. मग त्यांनीच एकमेकांना सांगायला सुरुवात केली, “बाय बाहेर काढते हां, मनाला लावून घेऊ नको.” केस पेपरवर मी एक रकाना वाढवला : उत्तर कोणी दिले. तो रकाना भरताना कित्येकदा लक्षात आले, की दोन वेळची उत्तरे वेगवेगळी आहेत.

विलासनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न योग्यच होता, आणि माझे प्रमाणपत्रही खरे होते. तरीही तीन दिवस वाया गेले. म्हणून त्या प्रश्नाचे माझे उत्तर आज थोडे लांबले आहे. नोंदणी आहे का, ते पाहावे. सुईचे पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का, ते पाहावे. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्यापासून उठून यावे. आणि सर्वांत शेवटी पाहावे, की हा माणूस ‘तुमच्यासाठी सुई नाही, दुसरीकडे जा’ असे म्हणू शकतो का. शिक्षण झाल्याची ती सर्वांत खात्रीची खूण आहे. दुर्दैवाने ती भिंतीवर लावता येत नाही.

मी लिहिले ते माझ्या अनुभवापुरते आणि माझ्या माहितीपुरते आहे. नियम बदलतात, नोंदण्यांची मुदत संपते, उपचारांविषयीचे ज्ञानही पुढे जाते. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. परिषदेची यादी स्वतः उघडून पाहा, आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि तपासणीच्या खाटेवर आपले उत्तर आपणच द्या.